लाख ठोक्यांची वही

इंग्लंडमधल्या टेडिंग्टन गावचे धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी अठराव्या शतकात एक प्रयोग केला. एका घोडीला आडवं बांधून त्यांनी तिच्या मांडीजवळची धमनी उघडली, तिच्यात पितळेची बारीक नळी बसवली आणि त्या नळीला काचेची लांबच लांब नळी उभी जोडली. रक्त काचेतून चढू लागलं आणि हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंचांवर पोचलं. तिथेही ते स्वस्थ राहिलं नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ते काही इंच वर जाई आणि पुन्हा खाली येई. १७३३ साली हेल्स यांनी हे निरीक्षण छापलं. रक्ताचा दाब माणसाने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो असा.

आज आपण ‘बीपी १२०’ म्हणतो, तेव्हा तो आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतो. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड, म्हणून त्याची नळी आखूड पुरते. पाऱ्याऐवजी हेल्स यांच्यासारखं रक्तच नळीत चढवलं, तर १२०च्या दाबाला ते हृदयापासून दीड मीटरहून किंचित जास्त उंच जाईल. १६०ला दोन मीटर. १८० बीपी असलेल्या आजी खुर्चीत बसल्या असतील, तर रक्त थेट छताला लागेल. एवढा जोर त्यांच्या मेंदूतल्या, डोळ्यांतल्या आणि मूत्रपिंडांतल्या केसाहून बारीक वाहिन्यांच्या तोंडाशी रात्रंदिवस येऊन आदळतो, आणि आजींना बहुधा काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, चहा नेहमीसारखाच गोड लागतो. म्हणूनच हा दाब मोजावा लागतो. आणि तो मोजण्याच्या कामी सगळ्यात योग्य माणूस ज्याचा तोच का ठरतो, याची गोष्ट त्या नळीइतकीच अचंबित करणारी आहे.

महाधमनीचं वय

आपलं हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देतं. मिनिटाला पाच लिटर म्हणजे दिवसाला सात हजार लिटर रक्त ते पुढे ढकलतं. पण ते ढकलतं झटक्याझटक्याने. ठोका, विश्रांती, पुन्हा ठोका. तरीही बोटांच्या टोकापर्यंत रक्त अखंड वाहत राहतं, हे कसं?

हार्मोनियम वाजवणाऱ्याचा हात पाहा. हात भाता थांबून थांबून मारतो, पण सूर तुटत नाही, कारण पेटीच्या आत दुसरा, स्प्रिंगवर बसवलेला भाता असतो. तो हवा साठवतो आणि हात थांबला की ती सावकाश सोडतो. हृदयातून निघणारी महाधमनी हेच काम करते. ठोक्यासरशी ती फुगते, थोडं रक्त पोटात ठेवून घेते आणि हृदय विसावलं की आकसून ते पुढे सोडते. बीपीचा वरचा आकडा फुगण्याच्या क्षणाचा, खालचा विसाव्याचा.

महाधमनीला ही लवचीकता इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंमुळे मिळते. शरीर हे तंतू मुख्यतः आईच्या पोटात असताना आणि बालपणी विणतं. नंतर ते फारसे नव्याने बनत नाहीत. बालपणीच्या त्या शिदोरीवर अख्खा जन्म काढायचा असतो. सत्तरीच्या माणसाची महाधमनी तोवर सुमारे अडीचशे कोटी वेळा ताणली आणि आकसली गेलेली असते. माणसाने घडवलेला कुठला रबर इतका टिकेल? तंतू हळूहळू झिजतात, तुटतात, त्यांची जागा ताठर कोलॅजेन घेतं, मधूनमधून कॅल्शियम साचतं.

मग दोन गोष्टी घडतात. ताठ झालेली धमनी ठोक्याच्या वेळी पुरेशी फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. आणि विसाव्याच्या वेळी सोडायला तिच्याकडे साठा कमी असतो, म्हणून खालचा आकडा उतरतो. त्यात लाटेची भर पडते. प्रत्येक ठोक्याची लाट तरुण धमनीतून सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने जाते. म्हातारपणी हा वेग दहा मीटरच्या पुढे जातो. शाखांवर आपटून परतणारी लाट त्यामुळे लवकर माघारी येते आणि हृदय अजून रक्त ढकलत असतानाच त्याला सामोरी येते. वरचा आकडा आणखी चढतो. म्हणून पन्नाशी-साठीनंतर कितीतरी जणांचं बीपी १६५/७५ असं दिसतं. “खालचं तर छान आहे ना!” म्हणून घरातले निश्चिंत होतात. त्या वयात अधिक सांगून जातो तो मात्र वरचाच आकडा.

“वय अधिक शंभर, एवढं बीपी चालायचंच,” हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येतं. एके काळी डॉक्टरही असंच मानत. म्हाताऱ्या, ताठर वाहिन्यांतून रक्त पोचवायला शरीराने दाब मुद्दाम वाढवला असेल, तो उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडेल, अशी त्यांना भीती होती. ती भीती प्रयोगांनी घालवली. १९९१मध्ये अमेरिकेतल्या ‘शेप’ अभ्यासाचा निकाल आला. साठीपुढच्या ४७३६ जणांचा फक्त वरचा आकडा वाढलेला होता. त्यांच्यातल्या ज्यांना स्वस्त, साध्या गोळ्यांवर ठेवलं, त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. मग प्रश्न उरला ऐंशीच्या पुढच्यांचा. २००८च्या ‘हायव्हेट’ अभ्यासात ऐंशीपार केलेले ३८४५ जण होते. उपचार घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले, आणि फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. धमनी म्हातारी झाली तरी तिच्यावरचा भार हलका केला, तर ती आणखी वर्षं देते.

दिवसाचे लाख दाब

आता दवाखान्यातला तो एक आकडा घ्या. लाख ठोके म्हणजे लाख दाब, आणि त्यातले सलग दोनही अगदी सारखे असतीलच असं नाही. आपण बसलेले उठून उभे राहतो, तेव्हा अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे ओघळतं. मेंदू क्षणात कोरडा पडायला हवा. तो पडत नाही, कारण मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत बारीक मज्जातंतूंची टोकं प्रत्येक ठोक्याचा ताण मोजत बसलेली असतात. ताण कमी झाला की त्यांचा निरोप मेंदूच्या बुडाशी जातो, हृदय वेग घेतं, वाहिन्या आवळतात. सगळं काही सेकंदांत होतं, आणि आपण फक्त “पाणी आणतो” म्हणून उठलेले असतो.

वयाबरोबर ही टोकं मंदावतात. म्हणून कित्येक ज्येष्ठांचं बीपी बसलेलं असताना जास्त आणि उभं राहताच एकदम कमी होतं. पहाटे लघवीला उठताना तोल जातो तो पुष्कळदा यामुळे. काहींचं बीपी भरपेट जेवणानंतर उतरतं. झोपेत दाब सहसा दहा ते वीस टक्के खाली येतो आणि जाग येण्याच्या सुमारास चढू लागतो. थंडीत वाहिन्या आवळतात, आकडा वाढतो. विदर्भाच्या मे महिन्यात त्या सैलावतात, घामाने पाणी जातं आणि तीच गोळी एकाएकी भारी पडू शकते. काहींचं बीपी डॉक्टर समोर दिसताच चढतं. काहींचं उलटं, दवाखान्यात शहाण्यासारखं वागतं आणि घरी वाढतं. हे जास्त फसवं.

तीन महिन्यांतून एकदा, गर्दीच्या ओपीडीत, जिना चढून आल्या आल्या घेतलेला एक आकडा या साऱ्यातलं किती सांगणार? ज्याचं शरीर आहे, तोच या लाख दाबांच्या शेजारी चोवीस तास राहतो.

पट्ट्याला काय जाणवतं

घरचं बीपी मशीन हातात आलं ते दीर्घ काळाच्या खटाटोपातून. १८९६ साली इटलीत शिपिओने रिवा-रोची यांनी दंडावर फुगवायचा पट्टा आणला. धमनी न उघडता दाब मोजणं त्याने सोपं झालं. पण त्यांना नाडी चाचपून फक्त वरचा आकडा मिळे. १९०५ साली रशियाचे तरुण लष्करी शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला. पट्टा सैल होताना ठकठक सुरू होते तिथे वरचा आकडा, ती विरते तिथे खालचा. ही गोष्ट त्यांनी पानभरही नसलेल्या टिपणात मांडली, आणि पुढे शतकभर जगातले डॉक्टर तोच आवाज ऐकत आले.

घरचं स्वयंचलित मशीन आवाज ऐकत नाही. पट्टा सैलावताना धमनीच्या धडधडीने त्यातल्या हवेला जे सूक्ष्म हेलकावे बसतात, ते मशीन टिपतं. ते सर्वांत मोठे जिथे होतात तो सरासरी दाब. त्यावरून मशीन हिशोब करून वरचा-खालचा आकडा सांगतं. हे एकदा कळलं, की मोजण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. पट्टा स्वेटरवरून बांधला की हेलकावे बोथट होतात. मोजताना बोललं, हात हलवला की हेलकाव्यांत भेसळ होते, शिवाय बोलण्याने बीपीही चढतं. दंड जाड आणि पट्टा लहान असला की आकडा खोटाच जास्त येतो. नाडी अनियमित असेल तर मशीन गोंधळतं; असा इशारा वारंवार आला तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण तो हृदयाच्या वेगळ्या आजाराचा निरोप असू शकतो.

हात कुठे ठेवायचा, याचं उत्तर हेल्स यांच्या नळीत आहे. रक्ताला वजन आहे. हात हृदयाच्या पातळीहून दहा सेंटिमीटर खाली लोंबला, तर आकडा सात-आठने वाढलेला दिसतो. म्हणून हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. आधी लघवीला जाऊन यावं. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, मिश्री काहीही नको. पाच मिनिटं शांत बसावं. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावं, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं आठवडाभर. पहिला दिवस सवयीचा म्हणून सोडून द्यावा आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. घरच्या सरासरीसाठी रेघ १३५/८५ची मानतात, दवाखान्यातल्या १४०/९०हून थोडी खाली. खूप अशक्त किंवा वारंवार पडणाऱ्या माणसासाठी डॉक्टर ती वेगळी आखतात.

एक आठवडा झाला की मशीन काही दिवस कपाटात ठेवायलाही हरकत नाही. दिवसातून दहा वेळा मोजलं की काळजी चढते, आणि काळजीने बीपी.

वही हाती आली की

मोजून पुढे काय, हा खरा प्रश्न. ब्रिटनमध्ये रिचर्ड मॅक्मॅनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो धीटपणे विचारला. रुग्णाने घरी मोजायचं एवढंच नाही, तर आकडे ठरलेल्या रेघेच्या वर राहिले तर डॉक्टरांशी आधीच कागदावर ठरलेल्या क्रमाने गोळीचं पुढचं पाऊलही त्यानेच उचलायचं. दर वेळी भेटीची वाट पाहायची नाही. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात ५२७ जण होते. वर्षाअखेर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचा वरचा आकडा १२.२ने उतरला होता, स्वतः सांभाळणाऱ्यांचा १७.६ने. मग २०१४मध्ये आणखी अवघड परीक्षा झाली. त्यात पक्षाघात, हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले ५५२ जण होते, सरासरी वय सत्तरीच्या आसपास. तिथे फरक पडला ९.२चा, स्वतः सांभाळणाऱ्यांच्या बाजूने.

ही माणसं काही वैद्यक शिकलेली नव्हती. त्यांना मोजायला शिकवलं होतं, डॉक्टरांशी ठरवलेला कागद दिला होता, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. ज्येष्ठांच्या बाबतीत आपण नेमका हाच विश्वास आखडता घेतो. मशीन मुलाच्या खोलीत, गोळ्या सुनेच्या डब्यात, फाइल नातवाच्या मोबाइलमध्ये; ज्याचं रक्त आहे तो फक्त हात पुढे करतो. आयुष्यभर दुधाचा, किराण्याचा, भिशीचा हिशोब ठेवलेल्या माणसाला सहा दिवसांची सरासरी नक्कीच जमते. डोळे अधू असतील तर मोठ्या आकड्यांचं मशीन आणा, लिहिणं जमत नसेल तर शेजारची मुलगी लिहून देईल. मोजणं आणि समजणं मात्र त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या.

आकड्यांशेजारी वहीत दोन शब्द लिहिले, की ती बोलू लागते. ‘गुडघा दुखला, गोळी घेतली.’ डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढतं आणि बीपीच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. ‘गॅस झाला, चूर्ण घेतलं.’ पाण्यात फसफसणाऱ्या चूर्णात सोडियम भरपूर असतं. ‘उठताना गरगरलं.’ मग एक वेगळा आकडा घ्यायचा: बसून मोजायचं, आधार धरून उभं राहायचं, एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर ही नोंद डॉक्टरांसाठी सोन्यासारखी. कदाचित गोळी कमी करावी लागेल.

मिठाचं गणितही असंच उलगडतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर मीठ पुरे म्हणते. लोणचं, पापड, खारवलेले मासे, फरसाण आणि पानात वरून घेतलेलं मीठ मिळून आपण सहज त्याच्या पुढे जातो. सैंधवही बहुतांश तेच सोडियम क्लोराइड आहे, त्याने सूट मिळत नाही. चीनमधल्या ६०० खेड्यांत पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा साठीपुढच्या, बीपी असलेल्या सुमारे एकवीस हजार लोकांवर एक अभ्यास झाला. निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. २०२१मध्ये निकाल आला: पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. असं मीठ डॉक्टरांना विचारूनच आणायचं.

आणि गोळी? त्या एवढ्याशा गोळीत काय काय सामावलं आहे! रामिप्रिलच्या घराण्याचा मूळ धागा ब्राझीलच्या जराराका नावाच्या सापाच्या विषात सापडला. त्या विषाने दाब कोसळतो, हे पाहून संशोधकांनी वाहिन्या आवळणाऱ्या साखळीतली एक कडी रोखायची युक्ती शोधली. आपल्या मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरतं हे रुग्णांवर पद्धतशीर अभ्यासून १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं; १९५७मध्ये त्यांना लास्कर पुरस्काराचा मान मिळाला. बीपीचंच दुसरं औषध अ‍ॅम्लोडिपिन तर रक्तात निम्मं व्हायलाच तीस ते पन्नास तास घेतं. म्हणजे आजची गोळी उद्याही थोडी काम करत असते, आणि तिचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून एका संध्याकाळी १६० दिसलं तर जास्तीची गोळी घेण्यात अर्थ नाही, आणि चार दिवस १२५ दिसलं म्हणून ती बंद करण्यातही नाही. ते १२५ गोळीनेच आणलेलं असतं.

एकच आकडा घाईचा: १८०/१२०च्या पुढे. तो दिसला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजावं. तसाच राहिला आणि त्रास काही नसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. पण छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोबडी वळणं, एकाएकी दिसेनासं होणं, यातलं काहीही असेल तर आकड्याची वाटही न पाहता १०८ला फोन करून रुग्णालय गाठावं.

भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा राष्ट्रीय उपक्रम २०१७च्या अखेरीस सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. ठरावीक थोड्याच गोळ्या, त्यांचा न तुटणारा पुरवठा, घराजवळच्या केंद्रात परिचारिकेकडून तपासणी, महिन्याभराचं औषध एकदम, एवढ्या साध्या पायांवर तो उभा राहिला आणि २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्कारापर्यंत पोचला. व्यवस्था दारापर्यंत येऊ शकते, हे त्याने दाखवलं. दाराच्या आतलं काम वहीचं.

तेव्हा पुढच्या भेटीला आठवडाभराची वही आणि मशीन दोन्ही घेऊन जा. मशीन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून घ्या. आणि तीन प्रश्न विचारा: घरच्या मोजणीत माझी रेघ कोणती? सरासरी किती दिवस तिच्यावर किंवा फार खाली राहिली तर तुम्हाला कळवू? आणि तसं झालं तर पहिलं पाऊल कोणतं, हे मला कागदावर लिहून द्याल? डॉक्टरांनी ते लिहून दिलं, की तुमचा उपचार तीन महिन्यांतल्या एका सकाळपुरता राहत नाही. तो रोज चालू राहतो, आणि तो चालवणाऱ्यांत तुम्ही असता.